चवथीच्या आधी पितळ: किती घासायचं आणि कुठे थांबायचं

गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. चवथ तीन आठवड्यांवर आलीय. घरात सासूबाईंच्या दोन उंच समया, एक लामणदिवा, पूजेची घंटा, आरतीचं कासाळं (मोठी झांज), पितळेचे दोन हंडे, आणि आजेसासऱ्यांनी कधीकाळी मुंबईहून आणलेलं तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं आहे. त्यात त्या फुलं ठेवतात. गेल्या वर्षी त्यांनी हे सगळं मीठ-लिंबाने घासलं. लखलखीत झालं. पण नवव्या दिवशी गणपती पोचवून आले तोवर कोपऱ्याकोपऱ्यांत हिरवं दिसायला लागलं होतं, आणि एका समईवर गुलाबी चट्टे पडले ते आजही आहेत. त्यांचं म्हणणं, “मीठ कमी पडलं का? की यंदा डब्यातलं पॉलिश आणू?”

ताई, मीठ कमी नाही पडलं. ते घालायलाच नको होतं.

मी डिचोली तालुक्यातला. वडील कल्हई करायचे, डाक (सांधे जोडायची झाळ) लावायचे. मी गेली तीसेक वर्षं देवळांची आणि घरांची पितळी भांडी-दिवे दुरुस्त करतो, साफ करतो. चवथीच्या आधीचा महिना माझ्याकडे बसायला जागा नसते. त्यातली निम्मी कामं पितळ काळं पडल्याची नसतात, गेल्या वर्षी कुणीतरी फार मन लावून घासल्याची असतात.

मिठाचं आधी सांगतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. लिंबात मीठ घातलं की काळपटपणा झटकन निघतो, हे खरंच आहे. पण मिठातलं क्लोराईड पितळाच्या बारीक छिद्रांत, नक्षीच्या खोबणीत, सांध्यांत जाऊन बसतं. तिथे त्याचा तांब्याशी संयोग होतो, हवेतला ओलावा मिळाला की हिरवी पूड तयार होते, आणि ती होता होता थोडं आम्ल पुन्हा सुटतं. ते आम्ल पुढचं तांबं खातं. म्हणजे एकदा लावलेलं चिमूटभर मीठ स्वतःच स्वतःचं काम वाढवत राहतं. कोरड्या मुलखात हे चक्र मंद चालतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, श्रावण-भाद्रपदात चपला बुरसतात, आगपेटीतली काडी पेटत नाही. इथे त्या चक्राला ब्रेकच नाही. समुद्राकाठच्या गावांत तर वाऱ्यातूनच मीठ येतं. आपण वरून आणखी कशाला घालायचं?

आता समईकडे बघा. ‘काळी पडली’ असं आपण एका शब्दात म्हणतो, पण तिच्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. वाटीत आणि चोचींजवळ तेलाचं किटण. खांबावर तपकिरी-काळा थर, म्हणजे हवेने चढलेला ऑक्साईड-सल्फाईडचा. आणि तेल झिरपून थांबतं तिथे, पेचांच्या आट्यांत, हिरवा मेणचट लेप. हा तिसरा मिठाच्या हिरव्यापेक्षा वेगळा. तेल खवट झालं की त्यातली स्निग्धाम्लं तांब्याशी जुळतात आणि हिरवा साबणच तयार होतो म्हणा ना. नखाने खरवडलात तर मेणासारखा निघतो, पूड होत नाही.

या तिघांना एकच औषध चालत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. किटणावर चिंच कितीही चोळली तरी काही होत नाही. किटण म्हणजे जळून घट्ट झालेलं तेल, आम्ल त्याच्या खाली पोचतच नाही. मग हात भरून येतात, राग येतो, आणि माणूस तारेची घासणी घेतो. तिथून नुकसान सुरू.

म्हणून पहिली पायरी आंबटाची नाही, धुण्याच्या सोड्याची. समई सुटी करा. वरचा मोर, वाटी, खांबाचे तुकडे, बैठक, सगळे पेच उघडतात. एखादा जाम असेल तर सांध्यावर रॉकेलचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने धरून फिरवा. विस्तवावर धरून सोडवू नका. जुन्या समयांना आत कुठे ना कुठे डाक दिलेली असते, आणि साधी कथील-शिशाची डाक दोनशे अंशांच्या आतच पाघळते. पेच सुटायच्या आधी मोर सुटून हातात येतो. सुटे भाग प्लास्टिकच्या बादलीत कढत पाण्यात घाला, बादलीभर पाण्याला मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्याचा साबण. कॉस्टिक नको, त्याने पितळ काळवंडतं आणि हातही भाजतात. अर्ध्या तासाने किटण मऊ पडतं. मग बांबूची चपटी सळी तासून घ्या आणि तिने खरवडा. बांबू किटणापेक्षा कठीण पण पितळापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा येत नाही. सुरीचं टोक लावू नका. नारळाच्या सोडणाचा काथ्या बाकीच्या कामाला उत्तम.

एवढं झाल्यावर बघा, निम्मी समई साफ झालेली असते. अजून आंबटाचा थेंब लागलेला नाही.

आता आंबट कोणतं? चिंच, लिंबू, भिरंडाची (कोकमाची) सोलं, बिंबलं (आंबट बिलिंबीची फळं), सगळी चालतात, कारण सगळ्यांचं काम एकच, ऑक्साईड विरघळवणं. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक, बिंबलात ऑक्झॅलिक. परसात बिंबलांचं झाड असेल तर नुसतं फळ चिरून चोळलं तरी हंडा उजळतो. आमची आजी तेच करायची आणि तिचे हंडे अजून धड आहेत. पण नक्षीकामाला फळाचा गर मला आवडत नाही. तो खोबणीत अडकतो, सुकतो, आणि महिन्याने तिथून हिरवं फुटतं. भिरंडाच्या सोलांचं तर बघून घ्या, आपल्याकडे पुष्कळ घरांत ती मीठ लावून सुकवलेली असतात. म्हणजे मीठ मागच्या दाराने आलंच.

मी वापरतो ते वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्लाची पूड. एक लिटर कोमट पाण्याला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे सपाट. पाणी हात घालवेल इतपतच गरम. भाग आत सोडायचा, पाच मिनिटांनी उचलून बघायचा, अंगठ्याने चोळून बघायचा. काळा थर बोटाला लागून निघत असेल तर काम झालं. फार तर दहा मिनिटं. यापुढे जे होतं ती सफाई नसते.

हे मला एका भांड्याने शिकवलं. धंद्यात नवा होतो. फोंड्याकडच्या एका घरातली बसकी समई आली, बैठकीवर बारीक अक्षरांत आजीचं नाव आणि साल घातलेलं. मी ती चिंचेच्या कोळात बुडवली आणि जेवायला गेलो. जेवून आलो तर जोराचा पाऊस, वीज गेलेली, म्हटलं सकाळी बघू. सकाळी समई बाहेर काढली तर ती पितळेची राहिली नव्हती. कोवळ्या बाळाच्या टाचेसारखा गुलाबी रंग. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि आम्लाला जस्त आधी आवडतं. रात्रभरात त्याने वरच्या थरातलं जस्त खाऊन टाकलं आणि तांबं तेवढं मागे ठेवलं. मी घाबरून बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरली. गुलाबी गेलं, समई पिवळी झाली, आणि आजीचं नाव अर्धं पुसलं. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी बोटांनी बैठक चाचपली आणि काही बोलल्या नाहीत. पैसे मात्र ठरलेले दिले. ते मी घ्यायला नको होते.

ताई, तुमच्या समईवरचे चट्टे या जातीचे असतील किंवा दुसऱ्या. दुसरी जात जरा बरी. आंबट पाण्यात विरघळलेलं तांबं कधी कधी परत पितळावर येऊन बसतं, विशेषतः त्या पाण्यात लोखंड असेल तर. लोखंडी घमेलं, तारेची घासणी, एखादा खिळा. सोनारांना हे पक्कं ठाऊक असतं, त्यांच्या आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा जात नाही. हे वर बसलेलं तांबं म्हणजे नुसता पापुद्रा. फडक्यावर थोडी बारीक खडूची पूड आणि पाणी घेऊन एका चट्ट्यावर दोन मिनिटं चोळा. निघाला तर पापुद्रा होता. नाही निघाला तर जस्त गेलंय, आणि गेलेलं जस्त परत येत नाही. तिथे घासत राहणं म्हणजे समई पातळ करणं.

आता तुमच्या त्या तोफेच्या नळकांड्यावरून थोडं विषयांतर करतो, कारण पितळ साफ करण्याबद्दल सगळ्यांत जास्त डोकं ज्यांनी चालवलं ते पुजारी नव्हेत, काडतुसंवाले. नेमबाजी करणारे लोक झाडलेल्या काडतुसाची पितळी टोपणं, म्हणजे रिकाम्या नळ्या, जपून ठेवतात, पुन्हा भरतात. आपल्याकडे हा परवान्याचा मामला आहे, त्यात मी शिरत नाही. पण पुन्हा भरण्याआधी ते टोपण साफ कसं करतात ते वाचण्यासारखं आहे. कुणी ते कंपन होणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या चुऱ्यात किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुशात तासन्‌तास फिरवतात. कुणी पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक सुया घालून ड्रममध्ये घोळतात, त्याने आतूनसुद्धा नव्यासारखं होतं. कुणी अल्ट्रासॉनिक यंत्रात घालतात. कुणी नुसतं माझ्यासारखं लिंबूसत्त्वाचं पाणी. आणि यातले जाणते लोक सांगतात की चकाकीशी आम्हाला कर्तव्य नाही. काजळी आणि वाळूचे कण जावेत, म्हणजे टोपण पुन्हा भरताना ज्या साच्यात घालतात त्यात ओरखडे पडणार नाहीत, आणि पितळाला कुठे चीर गेलीय का ते डोळ्याला दिसावं, एवढ्यासाठी साफ करायचं. लष्करी काडतुसाच्या तोंडाशी निळसर-तपकिरी झाक असते, ती मळ नसते. तोंड मऊ राहावं म्हणून तिथे आच दिलेली असते, तिची ती खूण. कारखान्यात मुद्दाम पुसत नाहीत.

मी त्यांच्याकडून ड्रमची युक्ती उचलली. देवळांतून घुंगरं, छोट्या घंटा, साखळ्या शेकड्याने येतात. त्या हाताने घासणं म्हणजे जन्म जाईल. जुन्या मोटरवर प्लास्टिकचा डबा आडवा बसवलाय, त्यात लाकडाचा कोरडा भुसा आणि किंचित खडू. भाताचा कोंडा घालून पाहिला होता, पण कोंड्यात वाळूच्याच जातीची सिलिका भरलेली, घुंगरांची कड बोथट व्हायला लागली. तेव्हापासून भुसाच. एक मात्र सांगतो, कोरड्या भुशातून उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नका. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली असते, तिच्या मसाल्यात शिसं असतं म्हणून ते लोक जपतात. आपल्या ओतीव दिव्यांतही ओतायला आणि कातायला सोपं जावं म्हणून शिसं घातलेलं असतं. तोंडाला फडकं, काम झालं की हात स्वच्छ, आणि पोरं लांब.

काडतुसांचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तर आपल्याच पावसातली आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात साठ्यातल्या साठ्यात तडकायची. न वापरता, न धक्का लागता. बाकीच्या ऋतूत ठीक, पावसाळ्यात उभ्या चिरा. लोकांना वाटलं ऋतूचाच दोष, म्हणून इंग्रजीत त्या तडकण्याला ऋतूवरून नाव पडलं ते आजतागायत तसंच आहे. 1921 साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला. काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असत. घोड्याच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि पितळ ओढून टोपण करताना त्यात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ आतून चिरत जातं. उपाय दोन निघाले. टोपणाला हलकी आच देऊन ताण काढायचा, आणि अमोनियापासून ते लांब ठेवायचं.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण त्या आधी किती वर्षं मी एक गोष्ट बघत होतो आणि मला तिचं कारण कळत नव्हतं. जुन्या घरांतून पत्र्याच्या कळश्या, घागरी, तांबे येतात. पडल्याचा पोचा नाही, झीज नाही, आणि काठापासून खाली सरळ चीर, ब्लेडने कापल्यासारखी. मी डाक देतो, वर्षाने शेजारी दुसरी चीर. सत्तरी तालुक्यातल्या एका घरी घागर परत द्यायला गेलो तेव्हा ती कुठे ठेवतात ते बघितलं. माळ्यावर. माळ्याच्या खाली गोठा. फळ्यांच्या फटींतून गोमुताची ऊब वर येत होती, डोळे चुरचुरले. पागा काय नि गोठा काय.

ठोकून, ओढून, दाबून केलेल्या पत्र्याच्या भांड्यांना हा धोका जास्त. ओतीव जाड समईला फारसा नाही, तिच्यात तो ताण राहत नाही. तेव्हा हंडे-कळश्या गोठ्याच्या वर नकोत, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ नकोत, आणि वटवाघळं असलेल्या देवळाच्या माळ्यावर तर मुळीच नकोत.

आणि हेच तुमच्या पॉलिशच्या प्रश्नाचं उत्तर. डब्याचं झाकण उघडल्यावर नाकात झणका बसत असेल तर त्यात अमोनिया आहे. काडतुसंवाले अशा पॉलिशला हात लावत नाहीत. जाड समईवर लावून लगेच पुसलं, धुतलं, तर आभाळ कोसळत नाही. पण हंड्याच्या दुमडलेल्या काठात, सांध्यात ते राहिलं तर पुढचं मला दिसतं. कल्हईवाल्याचा नवसागरही याच कुळातला, तो अमोनियम क्लोराईड, म्हणजे अमोनिया आणि क्लोराईड दोन्ही एका खड्यात. कल्हई करून आणलेलं भांडं घरी येताच बाहेरून दोनदा धुवा असं वडील सांगायचे. कारण त्यांना सांगता यायचं नाही, पण सांगायचे. पितांबरीसारखी पूड वापरायची तर ओल्या फडक्यावर थोडी घेऊन भराभर काम उरकायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. लावून ठेवायची वस्तू नव्हे ती.

आता धुणं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला महिना घासू देत नाही, धुवायला लावतो. लिंबूसत्त्वातून काढलेला भाग आधी साध्या पाण्यात, मग चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून उरलेलं आंबट मारायचं, मग पुन्हा दोन पाणी. शेवटचं पाणी कोणतं याला महत्त्व आहे. मांडवी-झुवारीच्या काठच्या विहिरी मचूळ असतात, त्या पाण्याने शेवटचं धुतलं म्हणजे मीठ-लिंबू केल्यासारखंच. पण आपल्याकडे श्रावणात सगळ्यांत मऊ पाणी फुकट मिळतं. पावसाने कौलं तासभर धुऊन निघाली की पागोळीखाली बादली लावा. मी शेवटचं पाणी तेच घेतो, जरा कढत करून. कढत असलं की भांडं स्वतः तापतं आणि वाळायला मदत होते.

वाळवणं हे पावसाळ्यात खरं दुखणं. ऊन नाही, वारा ओला. सुती फडक्याने पुसलं तरी पेचाच्या आट्यांत, मोराच्या मानेत, पोकळ खांबात पाणी राहतंच. पोकळ भाग फुंकून बघा, बोटावर शिंतोडे येतील. मी कोरड्या भुशात पुरून ठेवतो तासभर, भुसा पाणी ओढून घेतो, मग ब्रशने झाडतो. घरी भुसा नसेल तर चुलीच्या उबेला, किंवा केस वाळवायच्या यंत्राने आतून गरम वारा द्या. हाताला चटका बसणार नाही इतपतच. आणि एकदा वाळलं की उघड्या हाताने धरू नका. माझ्याकडच्या एका पोराने प्रभावळ उजळून झाल्यावर कौतुकाने वर धरून देवळातल्या लोकांना दाखवली होती. दसऱ्याला मी त्या देवळात गेलो तर प्रभावळीच्या उजव्या अंगाला त्याचा अंगठा छापलेला. रेषा न्‌ रेषा मोजता येत होती. घामातही मीठच की.

उरलेलं आंबट पाणी निळं-हिरवं झालेलं असेल. कुळागरवाल्यांना (सुपारीच्या बागायतदारांना) ते बघून फवारणीचं बोर्डो मिश्रण आठवेल, आणि ते बरोबर आहे, त्यात विरघळलेलं तांबंच आहे. विहिरीच्या कट्ट्यावर, तुळशीत, ओहोळात ओतू नका, मासे मरतात. विहिरीपासून लांब, पायवाट सोडून कुठे तरी मुरवा.

संरक्षणाचं थोडक्यात. खोबरेल तेलाचा हात फिरवायची आपली पद्धत आहे, दिसायला सुंदर, पण वर सांगितलं तसं तेल खवट झालं की तेच हिरवं करतं. त्याऐवजी मधमाशीचं मेण किंचित गरम करून फडक्याला लावा आणि भांडं कोमट असताना पातळ हात फिरवा, मग कोरड्या फडक्याने चोळा. वाटीला आणि चोचींना नको, तिथे ज्योत आहे. पेचांच्या आट्यांना मात्र आठवणीने लावा, पुढच्या वर्षी रॉकेल लागणार नाही. चवथीनंतर ठेवताना जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. आणि रबरबँड नको. रबरात गंधक असतं, काढाल तेव्हा जिथे रबर होतं तिथे काळी रेघ असते.

तुमच्या बाकीच्या वस्तू. लामणदिव्याची साखळी कडी-कडी करून घासू नका, सोड्याच्या पाण्यात एका बाटलीत घालून हलवा, मग दोन मिनिटं लिंबूसत्त्व. कड्या झिजून बारीक झालेल्या दिसल्या तर आधी त्या बदला. भरल्या तेलाचा दिवा डोक्यावर पडलेला मी बघितलाय. कासाळं पितळ नव्हे, कांसं, म्हणजे तांबं आणि कथील. त्यात जस्तच नाही, त्यामुळे गुलाबी व्हायची भीती नाही, पण ते ठिसूळ. गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकू नका, दगडावर ठेवू नका. सोडा-साबणाने धुतलं की पुरे, नादाला चकाकी लागत नाही. घंटा बहुधा कांशाचीच असेल, तिलाही तोच नियम. हंड्यांना आतून कल्हई असेल तर आत आंबटही नको, काथ्याही नको, मऊ फडकं आणि साबण. कल्हई उडून पिवळं दिसत असेल तर त्यात माटोळीच्या (चवथीच्या) दिवसांचं पाणी ठेवा हवं तर, पण भिरंडाचं सार नको. ते कळकेल, आणि कळकलेलं पोटात गेलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

नवीन घेतलेली एखादी समई असेल तर आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. ती फक्त पुसायची. आणि दुकानातून लखलखीत आलेल्या दिव्यांवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो. तो जागोजागी उडाला की काळे ठिपके पडतात, घासून जात नाहीत. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवाने तो थर सगळा उतरवा, मग पुढचं.

आता तोफेचं नळकांडं. बुडाच्या मधोमध गोल टिकली असेल, तिच्यावर खड्डा पडलेला दिसला आणि आत बोट घालून रिकामं लागलं, तर ते झाडलेलं. बुडावरचे आकडे-अक्षरं घासून घालवू नका, त्यावरूनच ते कधीचं, कुठलं ते कळतं. बाहेरून कोमट साबणाचं पाणी, पाच मिनिटं लिंबूसत्त्व, धुणं, वाळवणं, मेण. फुलांचं पाणी थेट त्यात ओतू नका, आत काचेचा ग्लास बसवा. फुलं कुजली की पाणी आंबतं आणि अमोनियाही सुटतो, आणि हे ओढून केलेलं पितळ आहे, काडतुसासारखंच. खड्डा नसेल, किंवा हलवल्यावर आत काही वाजत असेल, तर ते पाण्यात नको, उन्हात नको, माझ्याकडेही आणू नका. आहे तिथे ठेवून पोलिसांना कळवा. जुन्या घरांच्या वाशांवर शिकारीची बारा बोअरची काडतुसं सापडतात त्यांनाही हेच. पितळ हिरवं झालं म्हणून आतली दारू मेली असं होत नाही.

या आठवड्यात समया सुट्या करून सोड्यात घाला, लिंबूसत्त्वाचं काम चवथीच्या आधी आठ दिवस. आदल्या दिवशी करू नका, वाळायला वेळ मिळत नाही. गुलाबी चट्ट्यांवर खडू चोळून बघा. निघाले तर उत्तम. नाही निघाले तर ती बाजू यंदा मखराच्या भिंतीकडे फिरवून ठेवा. वातींचा उजेड चालू असताना ते चट्टे तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाहीत.